आतली कड

फॉरवर्डचा बूट अंगठ्याशी फाटतो,
गोलकीपरचा फाटतच नाही, नुसता म्हातारा होतो.
मिडफिल्डरचा मात्र आतल्या कडेनं झिजतो,
जिथून चेंडू दुसऱ्याकडे जातो.
हे मला कुणी शिकवलं नाही.
मडगावच्या जुन्या बाजारात, फणसांच्या ढिगामागं
सत्तावीस वर्षं लोकांचे पाय उलटे करून वाचतोय.

जासिंत कुलासो दर मे महिन्यात यायचा.
इंग्लंडातला सीझन संपला की विमान,
विमानतळावरून आधी माझ्याकडे,
मग असोळण्याला, आईकडे.
तिकडे म्हणे नवे बूट फुकट मिळतात,
तरी हा जुनेच आणायचा, पेपरात गुंडाळून.
"पात्रांव, शिवून दी." एवढंच.

पहिल्या वर्षी स्टडांत काळी माती.
आपल्यासारखी लाल नव्हे, काळी, चिकट.
सुरीच्या टोकानं काढली नि एका डबीत ठेवली.
का, ते विचारू नका.
दुसऱ्या वर्षी डाव्या चवड्याखालचे दोन स्टड सपाट:
पोरगा पाठीवर माणूस घेऊन वळायला शिकला.
तिसऱ्या वर्षी आतली कड इतकी पातळ
की बोट लावलं तर पलीकडून दिसावं.
त्या वर्षी तिथल्या पेपरात फोटो आला होता.
मला फोटोची गरज पडली नाही.
चौथ्या वर्षी उजवी टाच बाहेरून खाल्लेली.
"गुडघा?" मी विचारलं.
तो मानकुराद चोखत होता. चोखत राहिला.

यंदाचे बूट कोरे.
नऊ महिने झाले, तरी तळव्यावरचा नंबर वाचता येतो.
बाकावर बसून झिजते ती पँट,
ते काम शिंप्याचं.
मी बूट त्याच्यापुढे सरकवले. यात शिवायचं काय?

रस्त्याकडे बघत म्हणाला,
आई आधी बूट बघते, मग तोंड.

मासळीचा टेम्पो आला. बर्फाचं पाणी
माझ्या पाटाखालून वाहत गेलं.
मी कानस घेतली.
उजव्याची आतली कड, हळू, खूप हळू.
डाव्या चवड्याचे दोन स्टड.
टाच सोडून दिली, ती म्हातारीला कशाला.
मग डबी काढली,
ढेकूळ त्याच पाण्यात भिजवून स्टडांत बसवलं.
आता तिकडच्या मातीला बांगड्यांचा वास येणार,
त्याला माझा इलाज नाही.

पैसे किती, म्हणाला.
मी म्हटलं, शिवलं कुठं?

नाड्यांची गाठ मारून त्यानं बूट गळ्यात टाकले,
चौदाव्या वर्षी टाकायचा तसे,
आणि असोळण्याच्या बसमध्ये
खिडकी रिकामी असून उभा राहिला.