हॅमर उघडताना

संखच्या माळावरून आलेला हॅमर
दुकानात पोत्यावर आडवा पडलाय.
चार फूट लांब. दोघांनी उचलला तरी पाठ बोलते.
अंगावर सहाशे चाळीस फुटांचे ओरखडे.

सेल्वराज म्हणाला, मारत नाही.
हवा जाते, मारत नाही.
नऊ वर्षं तो तिरुचेंगोड्याहून जतला येतोय
आणि त्याचं मराठी अजून एवढंच:
मारतो, मारत नाही, डिझेल, उद्या.
आमचं भागतं.

रात्री अडीचला फोन करून
त्यानं तो नुसता रॉडजवळ धरला होता.
मी डाव्या कानानं ऐकलं.
उजवा बंद आहे, म्हणजे तसा बंद नाही,
त्यात एक रिग चालू असते रात्रंदिवस,
तिला डिझेल लागत नाही.
पिस्टन फुटला, मी सांगितलं, काढून पाठव.
आणि कूस बदलली.

ऐकायला शिकवलं दस्तगीर मिस्त्रींनी.
पेचकसाची मूठ कानामागच्या हाडाला,
टोक बेअरिंगच्या घरावर.
"डोळं मिट. आता बोल, काय दुखतंय तिचं?"
तोवर त्यांचे दोन्ही कान गेले होते,
हाडावरच चाललं होतं सगळं.
शेवटी शेवटी माणसांशी बोलतानाही
ते समोरच्याच्या खांद्यावर हात ठेवायचे
आणि मान हलवायचे.

आटे धरलेत.
साखळी पाना, पान्याला आठ फुटी पाइप,
पाइपला मी आणि सिद्रामचा पोरगा लोंबकळलो
घंटेला लोंबकळावं तसे.
ढिम्म.
मग गॅस पेटवला. जळक्या ग्रीसचा वास सुटला,
दारातला कुत्रा उठून समोर पंक्चरवाल्याकडे गेला.
कडाक्.
सुटला.

पिस्टन धडधाकट.
आरसा आहे नुसता, पोरानं त्यात भांग बघितला.
झडपेची स्प्रिंग मात्र दोन तुकडे,
आणि मागच्या पोकळीत
गच्च भरलेला तांबडा चिखल.

धूळ नाही. चिखल.
रॉड जोडायला हवा बंद केली असणार,
तेवढ्या दमात खालून आत शिरला.
खाली असल्याशिवाय कसा शिरेल?

घाई नको. यानं वरून पाणी सोडलं असेल,
धूळ बसायला सोडतात,
टँकरचं, ब्लीचिंग पावडरचं.
सेल्वराजला विचारावं म्हणून उठलो
आणि पाय अडखळला
टेबलाखालच्या पंपाला.
त्याच्याच रिगचा, पाणी सोडायचा.
सील आली नाही म्हणून
मंगळवारपासून इथंच पडलाय,
माझ्याकडे.

पोरगा चहा सांगायला गेल्यावर
मी बोट जिभेला लावलं.
आधी ऑइल. ते मला आईच्या हातच्या आमटीइतकं ओळखीचं.
मग कचकच.
मग मचूळ. चक्क मचूळ,
मिठाचा खडा दुरून दाखवल्यासारखं.

वीस वर्षं ही यंत्रं उघडतोय.
बंद पडली की मला बोलावणं,
चालू झाली की माझी पाठवणी,
पुढं भोकातून काय वर आलं
ते दुसऱ्यांनी बघायचं, पेढे दुसऱ्यांनी खायचे.
मला सकाळी झोप लागलेली असते.

सेल्वराज चडचणला पोचलासुद्धा, दुसरा हॅमर लावून.
संखला अंगणवाडीच्या बिराजदार बाईंनी
भोकावर फरशी टाकली, फरशीवर धोंडा,
पोरं पडू नयेत म्हणून.
काल पिकअपवाल्यानं सांगितलं,
बाई काही बोलल्या नाहीत,
नुसत्या रजिस्टर काखेत धरून उभ्या होत्या.

पावती लिहिली:
स्प्रिंग एक. ओ-रिंग दोन. मजुरी.
पेन तिथंच थांबलं.
चिखल ट्रेमध्ये काढून ठेवलाय, वर फडकं,
वाळून गेला तर कोण मानणार.

पिकअपवाल्याकडून नंबर घेतला.
डावा हात मनगटापर्यंत तांबडा,
म्हणून उजव्या हातानं फोन धरलाय, उजव्याच कानाला.
बाईंनी उचलला का नाही, कळेना.
तिथं रिग चालू आहे.
मी आपला बोलतोय,
बाई, धोंडा काढा.