लाल पिशवी

डर्बीच्या इस्पितळाचं धुणं रात्री येतं.
जाळीच्या उंच गाड्या, एकेका गाडीत
वॉर्डभर माणसांचा घाम.
संसर्गाचे कपडे लाल पिशवीत, वेगळे.
भिंतीवर नियम लावलाय: लाल उघडायची नाही,
तशीच ढकलायची यंत्रात, पाण्यात ती विरघळते.

यादविगा गाडी लावते तेव्हा
खाली पांढऱ्या चादरी, मध्ये लाल, वर पुन्हा पांढऱ्या.
ग्लिन ओरडतो, लाल शेवटी, लाल शेवटी!
ती सॉरी म्हणते
आणि दुसऱ्या रात्री तसंच लावते.
मला वाटायचं, विसरते.
भूगोलाची मास्तरीण होती म्हणे, आणि एवढं ध्यानात राहत नाही.

मग एकदा दोनच्या चहाला तिनंच सांगितलं,
दोघींच्या मोडक्या इंग्रजीत.
ग्रोदनोत, चौथ्या मजल्यावरच्या गॅलरीत
लावरेननं, तिच्या मुलानं, तीन टॉवेल वाळत घातले होते.
मधला लाल होता.
खालून कुणीतरी फोटो काढला.
कोर्टात साक्षीदार तोंड झाकून आला,
नाव सांगितलं ते खोटं, न्यायाधीशालाही ठाऊक.
पण खोकला खरा होता.
आधीच्या दोन खटल्यांत हाच खोकला
हिनं मागच्या बाकावरून ऐकला होता.
तीन टॉवेल, अडीच वर्षं.

मी विचारलं, ओले होते का गं?
कुठून आला हा प्रश्न, कोण जाणे.
हो, म्हणाली. नेले तेव्हा गळत होते.
जिनाभर थेंब. मी पुसले.

त्याचं नाव ती घेत नाही. 'तो' म्हणते.
आमच्याकडे बायका नवऱ्याला म्हणत, मी म्हटलं,
पण निदान उखाण्यात तरी घेत.
उखाणा म्हणजे काय, हे समजावता समजावता चहा निवला.
भिंतींना कान तिच्याकडेही असतात.
तोंड दाबून बुक्क्यांचा मार मात्र तिला नवा.
पुन्हा म्हण, म्हणाली. पुन्हा म्हटलं.
'बुक्क्यांचा' जिभेवर बसेना,
मग मी हवेत मूठ आपटून दाखवली.
हां, हे आहे आमच्याकडे. शब्द नाही.

पत्रात ती हवा लिहिते. डरवेंटला पाणी चढलंय.
आज अठराशे चादरी.
अकरा महिने उत्तर नाही.
पासपोर्ट मार्चमध्ये संपतो. नवा हवा
तर तिथंच येऊन घ्या, असा कायदा आहे.
सापळ्यातल्या खोबऱ्याला कायदा म्हणतात
हे मला इथं येऊन कळलं.

रविवारी म्हणाली, चौकात ये, फोटो काढायला कुणी नाही.
माझा व्हिसा सव्वा वर्षाचा उरलाय.
आणि दर शुक्रवारी जतहून भावाचा फोन:
तिकडं काही लिहू-बिहू नकोस, आपण भलं, आपलं काम भलं.
मी कुठं काय लिहिते.

पाच माणसं, एक झेंडा, एक कुणाचंतरी कुत्रं.
वारा असा की घोषणा देणाऱ्याच्याच तोंडात परत.
एक म्हातारा पिशव्या सावरत थांबला,
हा कुठल्या फुटबॉल क्लबचा?
आमचाच, यादविगा म्हणाली. सध्या हरतोय.

फोटोत मी नाही. मी काढणारी.
पण ऊन माझ्या पाठीशी होतं, तिरकं, डिसेंबरचं,
आणि माझी सावली, फुगलेला कोट, वर धरलेले हात,
फरशीवरून लांबत जाऊन
त्यांच्या रांगेत उभी.

रात्रपाळीला तिनं फोन पुढं केला.
ही कापू का? तुला त्रास नको.
यंत्राचं दार नुकतं लागलं होतं. काचेआड
लाल पिशवी सुटत चालली होती,
सगळ्यात आधी गाठ.
मी तिकडंच बघत राहिले.
राहू दे, म्हटलं.
आणि लगेच: माझ्या भावाला दिसता कामा नये.
ती केवढ्यांदा हसली.
अगं, तुझा भाऊ कोण, मला काय माहीत!

ग्लिन दारातून: लाल शेवटी!
सॉरी, म्हणालो आम्ही. दोघी.