आसनक्षमता अकरा

घणसोलीच्या पोरांना पंधरा वर्षं शाळेत सोडणारी
पिवळी व्हॅन भंगारात जायला नऊ दिवस उरले होते.
बाबा म्हणाले, सीटा काढू, झोपायला जागा होईल.

दोन रात्री पान्हा घेऊन बोल्ट सोडवत बसले.
सीटांखाली खोडरबर, बोरांच्या बिया,
कागदाच्या पुडीत एक दुधाचा दात.
तेवढा फेकला नाही,
पीयूसीच्या पावत्यांजवळ कप्प्यात ठेवला.

आईनं जुन्या साड्यांचे पडदे केले.
हिरूआत्यानं स्टोव्ह घेतला, सुकटीचा डबा घेतला,
आणि, कुणी सांगितलं होतं, पाटा-वरवंटा.
नरेशनं टपावर बांधलेल्या निळ्या ड्रमनं
पहिल्याच वळणावर
खिडकीत बसलेल्यांना आंघोळ घातली.

उरणच्या रस्त्याला कंटेनरांच्या रांगेत
दोन हत्तींमध्ये कोंबडीचं पिल्लू तसे आम्ही.
ट्रेलरवाले वरून बघत होते
आईच्या हिरव्या नारायणपेठीकडे.

केगावच्या पुढे, जिथे डांबर संपतं
आणि फोनची रेघही,
तिथे थांबलो. माणूस नाही. एक उलटी होडी,
काळे खडक, ओहोटीनं उघडं टाकलेलं सगळं.
वारा स्टोव्ह पेटू देईना,
म्हणून सुकट गाडीतच परतली.
आत्या म्हणाली, आता हिला भंगारवालाही घेत नाही.
बाबा हसले. आरटीओचं पत्र आल्यापासून
पहिल्यांदाच.

अंधार पडल्यावर समुद्रात दिवे लागले,
बंदरात शिरायला थांबलेली जहाजं.
शाळा सुटायच्या आधी
आम्हीपण असेच उभे असायचो, बाबा म्हणाले,
इंजिन बंद करून, एकामागे एक.
आत्या म्हणाली, आपलं मिठागर
रात्रीचं असंच दिसायचं.
तिथे आता काय आहे ते कुणी बोललं नाही.
त्याच्याच तळघरात नरेश रात्रपाळी करतो,
गाड्या लावून घेतो.

सातजण झोपलो, पाटीत बोंबील लावतात तसे.
शर्वी टॉर्च मारून काचेवरची नावं वाचत राहिली:
ओवेस, त्रिशा, पुन्हा ओवेस,
आणि खाली, खिळ्यानं, खोलवर:
हसुकाका हळू चालवतात.

दोन वाजता काचेवर टकटक.
कमरेला टॉवेल गुंडाळलेला म्हातारा.
"गारी मागं घ्या, पानी येतंय."
पानी आलंच होतं. मागचं चाक
रेतीत निम्मं गेलेलं.
कोण, कुठले, काही न विचारता तो गेला,
दोन पोरं, दोर आणि होडीची फळी घेऊन आला.
आम्ही ढकललं. आईनं साडी खोचून ढकललं,
आत्यानं फक्त शिव्या दिल्या, त्याही उपयोगी पडल्या.
बाबांनी रिव्हर्स टाकला
आणि शाळेच्या फाटकात रोज किंचाळणारा तो भोंगा
सबंध किनाऱ्यावर किंचाळला.
गावातली कुत्री उठली.
एका जहाजाचाही भोंगा वाजला, कदाचित आमच्यासाठी नसेल.

गाडी वर आली तेव्हा
बाबांनी सवयीनं सरकतं दार उघडलं,
एकेकाच्या डोक्यावर हात ठेवत मोजलं.
सातला थांबले.
चार कमी आहेत, म्हणाले.
आई म्हणाली, सगळे आहेत हो, चला.
तरी ते थोडा वेळ
पाण्याच्या दिशेला बघत उभे राहिले,
एखादं पोर दप्तर विसरून
मागे पळालं असेल तसे.

म्हाताऱ्यानं पैसे घेतले नाहीत. चहा घेतला,
मग निळ्या ड्रमकडे बोट दाखवून म्हणाला,
ह्यो गळका तुमाला कशाला?

नवव्या दिवशी तळोज्याच्या यार्डात
व्हॅन काट्यावर चढली.
भाव किलोवर होता.
पत्र्याच्या सांध्यांत, पायपुसण्याखाली, दाराच्या खाचेत
किती रेती होती
ते आम्ही सांगितलं नाही.