अडलं पाहिजे

दुलूथमध्ये, जानेवारीत, उणे सव्वीसात
आम्ही थंडी मोजायचं यंत्र विकत फिरत होतो.
हे वाक्य पुढे मी बऱ्याच ठिकाणी विनोद म्हणून वापरलं.
तेव्हा तो विनोद नव्हता.
लाहतीच्या गाडीचा हीटर बंद होता
आणि खात्यात नऊ आठवडे शिल्लक होते.
(पैसे आम्ही आठवड्यांत मोजायचो,
गरोदर बाई मोजते तसे, फक्त उलटे.)

हॉटेलवाले भले. कॉफी द्यायचे.
डबी हातात फिरवून म्हणायचे, छान आहे की,
फ्रिज बिघडला तर फोनवर कळणार!
महिनाभर फुकट म्हटल्यावर लावूनही घ्यायचे.
महिन्यानंतर मी विचारायला गेले की
कसली डबी, हे आठवायला त्यांना वेळ लागायचा.
एकाने तिच्यावर टोपी अडकवली होती.
वाईट कुणीच म्हणालं नाही.
आमच्यावाचून कुणाचंच काही अडत नव्हतं.

सांगलीला बाबांचं मोटर रिवाइंडिंगचं दुकान.
फोनवर विचारायचे, भवानी झाली का गं?
मी सांगायचे, लोकांना आवडतंय, बाबा.
आवडतंय म्हणजे, ते म्हणायचे, घेत नाहीत.

मिनियापोलिसला, एकविसाव्या मजल्यावर,
'नाही' हा शब्द कुणाला ठाऊकच नसावा.
फार आवडलं, म्हणायचे. संपर्कात राहा.
जरा आकडे वाढू देत.
खाली येताना लिफ्टमध्ये लाहती
त्याला येणारा एकमेव मराठी शब्द म्हणाला:
आवडतंय.

मग एकोणीस फेब्रुवारी, पहाटेचे तीन दहा.
फोनवर एक माणूस ओरडत होता.
डेल स्कॉग्लुंड, टू हार्बर्स,
गळाला लावायच्या आमिषाचं दुकान.
गोठलेल्या तळ्यांना भोकं पाडून बसणाऱ्यांना
तो बोटाएवढे जिवंत मासे विकतो, डझनावर.
आमची डबी त्याने फ्रिजला लावलीच नव्हती.
पिशवीत घालून, वर टेप गुंडाळून
माशांच्या टाकीत सोडली होती.
गार पाणी ओढणारा पंप थांबला
की टाकी तापते, डबी ओरडते, डेल उठतो.
त्या रात्री पंप थांबला
आणि आमचा सर्व्हर झोपलेला.
दोनशे डझन मासे, पांढरी पोटं वर.
कुठे मेला होतात, तो विचारत होता.

त्याच्या शिव्या मी उभ्याने ऐकल्या.
भरपाई कबूल केली.
मग लाहतीला हलवून उठवलं नि म्हटलं, अडलं!
काय अडलं?
एका माणसाचं. आपल्यावाचून.
आणि मला हसू आवरेना.
मासे तिकडे तरंगत असताना.
त्या हसण्याची लाज अजून वाटते.

हॉटेलांतल्या डब्या काढून आणल्या, त्या टोपीसकट.
मार्चअखेर आमिषाची अकरा दुकानं,
सगळी रोख पैसे देणारी.
खात्यात अडीच आठवडे.
एकविसाव्या मजल्यावर एकाने
दोन बोटांत लांबी धरून विचारलं,
एवढे? एवढे मासे?
आणि संपर्कात राहायला सांगितलं.

ग्रँड मरेच्या आर्लिस हेडमनबाईंनी
नवऱ्यामागे बर्फाचे तीन कारखाने चालवले होते.
आमच्या स्लाइड त्यांनी उघडल्याच नाहीत.
आमच्यासमोर डेलला फोन लावला, स्पीकरवर.
कशी आहेत ही पोरं?
बेकार. एका रात्रीत टाकी मारली माझी.
मग डबी काढून टाकलीस?
पलीकडे बराच वेळ
नुसता पंपाचा आवाज.
काढून काय करू, डेल म्हणाला.
बाईंनी पेनाचं टोपण काढलं.

साठ हजार.
बाबांनी आकडा ऐकून न ऐकल्यासारखा केला.
म्हणाले, त्या माणसाच्या माशांचे दिलेस का आधी?
दिले की, म्हटलं.
दिले, पण त्या फोननंतर,
त्याच संध्याकाळी.