एक उकळी

शबनम सिस्टरनं कार्डावर लाल पेनानं लिहिलं:
गोळी चहाबरोबर नको, लिंबूपाण्याबरोबर.
मटकी शिजवूनच.
तिसरी ओळ मी घरात वाचून दाखवली नाही.
दूध उकळूनच.

आमच्यात उकळणं म्हणजे
दुधावर संशय घेणं.
मामंजी तीस वर्षं गंगावेशीत
दिवेलागणीला म्हैस उभी करतात,
पेल्यात धार, वर चार बोटं फेस,
आणि तालमीतली पोरं रांगेत
मिशा पांढऱ्या करून.
"चुलीवर दूध मरतंय," म्हणतात ते.

सासूबाईंची यादी तोंडी:
पपई उंबऱ्याच्या आत नको,
खर्डा नको,
पोटभर जेवू नको, बाळाला जागा पुरत नाही.
आणि दुपारी सगळे निजले की
गूळ-शेंगदाण्याची मूठ
माझ्या ओच्यात त्याच टाकतात.

मला खावीशी वाटायची
गोठ्याच्या भिंतीची ओली माती.
हे फक्त सिस्टरला सांगितलं.
ती हसली नाही. बोट टोचलं, रक्त आठ निघालं.
"माती तू मागत न्हाईस, रक्त मागतंय.
नाचणी खा, पोकळा खा, खजूर खा,
आणि भिंत सोड."

सहाव्या महिन्यात एका संध्याकाळी
मामंजी स्वतः पेला घेऊन आले.
"घे पोरी, ऊन हाय तवर."
फेस फुटत होता, बारीक आवाज करत.
मी पेला धरला, प्यायले नाही.
म्हटलं, "मामंजी, मोरणी गाभण होती तेव्हा
बुरसलेल्या पेंडीचं अख्खं पोतं
तुम्ही उकिरड्यावर ओतलंत.
वरची दोन मुठीच बुरसल्या होत्या."

ते बोलले नाहीत. गोठ्यात गेले.
बराच वेळ बादलीचाच आवाज येत राहिला.

दुसऱ्या दिवशी कट्ट्यावरून आले,
टोपी खुंटीला न लावताच
पातेलं गॅसवर ठेवलं,
आणि हात मागे बांधून उभे राहिले,
कुस्ती बघायला उभं राहावं तसे.
काहीच होत नाही म्हणून सासूबाईंना हाक मारायला वळले
तोवर दूध कडा ओलांडून खाली.

"आयला, हे असं उठतंय व्हय!"

तीस वर्षं दुधात हात,
आणि उतू जाताना पहिल्यांदा बघत होते.

ओटाभर जळक्या दुधाचा वास.
मी दारात उभी होते, पदर नाकाला लावायच्या तयारीत.
लावावा लागला नाही.