वजनकाटा

दिब्रूगढच्या मळ्यातल्या दवाखान्याचा काटा तीन वर्षं मोडलेला.
म्हणून बिनोती तांतीला, आठव्या महिन्यात,
चहाच्या पानांच्या काट्यावर उभं केलं मी.
मागे रांग, टोपल्या. कुणीतरी हसलं.

मुहुरीबाबूनं आकडा वाचला: एकेचाळीस.
आणि सवयीनं लिहिला एकोणचाळीस,
ओल्या पानांचं पाणी म्हणून दोन किलो कापून.

"बाबू, हे पाणी तिचं आहे," मी म्हटलं,
"आत कुणीतरी पोहतंय."

त्यानं खोडलं नाही.
खोडलं की साहेबाला कारण द्यावं लागतं.

बिनोती उतरली. पापणी ओढून पाहिली, आत पांढरंफटक.
हलक्या कामाचा कागद मागितला तिनं,
कायद्यात आहे, म्हणाली,
उसनं दिलेलं मीठ परत मागावं तशी.

मी सही केली.
माझ्या वहीत एकेचाळीस लिहिलं,
दोनदा गिरवून.