शेऱ्याचा रकाना

चौदा वर्षं मी अकिवाटहून
तेच कळवत आलो : कापूस – निरंक.
वर ऊस, ऊस, आडसाली ऊस,
नदीकडेला वांगी, सोयाबीनचे चार तुकडे,
आणि तळाला हा निरंक,
लिहिताना मान वर करावी लागत नाही असा.

यंदा पुण्याहून फोन.
‘शिरोळात ०.०१ हेक्टर कापूस दिसतोय.
चूक असणार. पाहून कळवा.’

गट दोनशे सात, पोटहिस्सा तीन,
चंपाबाई बाबगोंडा मगदूम.
मोटारीच्या पेटीमागं, बांधावर
देवकापसाची अकरा झाडं.
एकाला शाळेची लाल रिबन,
दोन बोंडं पाखरांनी उचकटलेली.

“नातीनं फोटू काढला वो.
मोबाईल इचारतोय, पीक कंचं?
त्यात देवकापूस न्हवता.
कापूस हुता. दाबला तिनं.”

मग अनुदान मंजूर. क्षेत्र कितीही कमी असो,
एक हजार तरी द्यायचेच, असा नियम.
त्याआधी अंगठा.
सेवा केंद्रातल्या शीतलनं सहा वेळा टेकवला,
सहा वेळा यंत्र तांबडं.
राखेच्या चिमटीत वाती वळून वळून
रेषाच उरल्या नव्हत्या.
शेवटी डोळा दाखवला. मोतीबिंदूसकट चालला.

चौथ्या दिवशी पासबुक घेऊन दारात.
“हे माघारी घ्या सायेब.”
का?
“मी इकत न्हाई. वाती बस्तीत जात्यात,
उरल्या तर वाडीला दत्ताच्या.
ह्येचं सरकारनं कशापाय द्यावं?
ज्यांचं समदं रानच कापसाचं हाय
तिकडं लावून द्या.”

तिकडं म्हणून तिनं हात केला
तो कुरुंदवाडच्या स्टँडकडं.
पण मी अकोल्याला शिकलोय.
पहाटे दव असताना वेचलेला कापूस
काट्यावर जड भरतो,
आणि व्यापारी मूठ दाबून ओल बघतो, हे मला माहीत आहे.
सुकलेल्या बोंडाची टोकं नखाशेजारी
कुठं शिरतात तेही.

पोर्टल उघडलं.
मंजूर, नामंजूर, प्रलंबित, त्रुटी.
परत, असं बटण नाही.
साहेब म्हणाले, परतच घ्यायचं तर
वसुलीची नोटीस काढावी लागेल तिच्यावर.
हे मी तिला सांगितलं नाही.
म्हटलं, राहू द्या आक्का, समईला तेल घ्या.
“तेल बस्तीचं असतंय,” ती म्हणाली,
आणि थोडी रागावलीच.

आता अहवाल.
झाडे : अकरा.
उत्पादन, क्विंटलमध्ये :
रोजच्या दोन वाती, पर्युषणात जास्त,
नातीच्या लग्नासाठी डब्यात साठवलेल्या वेगळ्या.
तासभर गणित मांडलं. जमलं नाही.
शेऱ्यात लिहिलं, पाहणी केली, पीक आहे.

उठताना तिनं टेबलावर ठेवली
वर्तमानपत्रात बांधलेली जुडी.
“ह्येची पावती लागंल का तुमास्नी?”

ती ड्रॉवरमध्ये आहे, शिक्क्याच्या पॅडशेजारी.
सकाळी हजेरीच्या यंत्रानं
माझा अंगठा घेतला नाही.
पँटला पुसला, मग घेतला.
खुर्चीत बसतोय तोवर पुणे पुन्हा लाईनवर :
‘आहे म्हणजे नक्की किती आहे?’